शनिवारची मिळवणी

त्या प्रयोगशाळेत मोठ्याने बोलायला बंदी होती आणि ती बाईंनीच घातली होती. बाई म्हणजे तिथल्या प्रमुख. वय साठीला टेकलेलं, अंगकाठी किडकिडीत, आणि स्वभाव असा काटेकोर की स्वतःचा चष्मा पुसायलाही भिंग पुसायचाच कागद लागायचा. खोलीला खिडकी नव्हती. मधोमध एक भलंमोठं पोलादी टेबल, हवेच्या गादीवर तरंगतं ठेवलेलं. त्यावर शेदीडशे आरसे आणि भिंगं, आणि त्या सगळ्या पसाऱ्याच्या पोटात मुठीएवढ्या निर्वात डबीत एक अणू. एकच. विजेच्या जोरावर अधांतरी धरलेला आणि निळ्या लेसरने थंड करून गप्प बसवलेला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो एवढासा निळा ठिपका दिसायचा, आणि त्या ठिपक्यापायी बाईंनी अकरा वर्षं घातली होती. त्यांचे यजमान म्हणायचे, एवढी सरबराई माझी केली असतीस तर मीही गप्प बसलो असतो.

काम सांगायला सोपं होतं, करायला नाकी नऊ आणणारं. दुसऱ्या एका तांबड्या लेसरचा रंग अगदी बारीक बारीक बदलत न्यायचा. एका नेमक्या रंगाला अणू उडी मारतो. तो रंग म्हणजे एक लांबलचक आकडा. त्याची सुरुवातीची घरं जगभर सगळ्यांना पाठ होती, भांडण होतं ते शेवटच्या पाच घरांचं. दर शुक्रवारी पहाटे मोजणी व्हायची, कारण त्या वेळी इमारतीची लिफ्ट बंद असायची आणि लिफ्ट हलली की लेसर बिथरायचा. आणि एवढं सगळं करून विचारायचं काय, तर हा आकडा कायम तोच राहतो, की काळाबरोबर कणाकणाने सरकतो?

हा प्रश्न सरांचा. सर म्हणजे बाईंचे गुरू, गणिती. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी एक समीकरण मांडलं होतं. निसर्गाचे असले आकडे सरकायला हवेत, असं त्याचं एक उत्तर म्हणत होतं. ते खरं, की नुसता कागदावरचा खेळ, हे आजवर कोणालाच ठरवता आलं नव्हतं. गणितवाल्यांनी भौतिकवाल्यांकडे बोट दाखवलं, भौतिकवाल्यांनी आधी गणित पक्कं करून आणा म्हणून सांगितलं. चाळीस वर्षं तो प्रश्न असा दारोदार फिरला आणि शेवटी बाईंनी त्याला घरात घेतलं.

घरात घेतलं ते सरांच्या अटीवर. दुसऱ्या एका देशातल्या प्रयोगशाळेने तोच आकडा एकदा मोजून छापला होता. शेवटची पाच घरं अडतीस हजार आठशे एकोणनव्वद. असला छापील आकडा डोळ्यांसमोर असला की माणूस आरसे हलवत बसतो आणि आपला आकडा त्याच्या जवळपास आला की हलवायचं थांबतो. ती लबाडी नसते. तो नुसता माणूस असतो. "तुला जे यावंसं वाटतं ना, तेच तुझे हात मोजतात," असं सर म्हणाले होते, आणि त्यावर त्यांनी तोड काढली. त्यांनी मनात एक गुप्त आकडा धरला. मोजून आलेल्या आकड्यात तो मिळवायचा आणि बेरीज तेवढी वहीत लिहायची. बाईंनी फक्त वही पाहायची. प्रयोग संपला की सर आकडा सांगणार, तो वजा करायचा आणि मग काय ते कळायचं. अशी आंधळी मोजणी या धंद्यात बरेच जण करतात, पण ते गुप्त आकडा संगणकात लपवतात. सरांना ते मुळीच पटलं नाही. संगणकातलं गुपित म्हणजे खिडकीत वाळत घातलेले कपडे, असं म्हणून त्यांनी सगळी मिळवणी स्वतःकडे घेतली.

तेव्हापासून एक शिरस्ता पडला. शुक्रवारी मोजणी झाली की यंत्रावरचा आकडा भिंगमामा चिठ्ठीवर उतरवायचे आणि यंत्र कोरं करायचे. भिंगमामा म्हणजे तिथले जुने तंत्रज्ञ, आरसे-भिंगं घासून चकचकीत ठेवणारे. त्यांना आकड्यांचं एवढं वावडं की शुक्रवारी लिहिलेला आकडा सोमवारी विचारला तर हात जोडायचे. आकडा येताना तो चुकून दिसू नये म्हणून बाई पडद्याच्या त्या कोपऱ्यावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवायच्या. शनिवारी सकाळी दहा वाजता मामा घडी घातलेली चिठ्ठी आणि वही घेऊन सरांच्या घरी जायचे, जिन्यातल्या बाकावर बसायचे. सर आत जाऊन मिळवणी करायचे, वहीत बेरीज लिहायचे आणि चिठ्ठीचे तुकडे करायचे. असे साडेपाचशेहून जास्त शनिवार झाले. एकदाही चुकला नाही म्हणावं तर दोन वर्षांपूर्वी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आजारी पडल्या तेव्हा पाच चिठ्ठ्या तुंबल्या होत्या. त्या सरांनी नंतर एकाच दिवशी बसून काढल्या.

पहिली आठ वर्षं वही सपाट होती. एक्केचाळीस हजार तीनशे सहा, इकडेतिकडे दोन-तीनचा फरक. आणि मग आकडा चढायला लागला.

पहिल्यांदा बाईंनी आरशांवर संशय घेतला, मग निर्वात पंपावर, मग खोलीच्या तापमानावर, मग स्वतःवर. त्या मूग गिळून बसल्या. आकडा आपला चढतच होता, आणि इतका शहाण्यासारखा, एका सरळ रेघेत. गुप्त आकडा कितीही असो, तो दर आठवड्याला तोच असतो. मग बेरीज चढते याचा अर्थ मोजलेला आकडाच चढतो. हे चौथीतल्या पोरालाही कळावं. म्हणजे सरांचं समीकरण खरं होतं. चाळीस वर्षं ज्याला लोक कागदावरचा खेळ म्हणाले, तो खेळ या बिनखिडकीच्या खोलीत एक निळा ठिपका खेळत होता.

बाईंना घाई झाली होती ती वेगळ्याच गोष्टीची. सर विसरायला लागले होते. आधी पेन कुठे ठेवलं ते, मग माणसांची नावं, मग घराचा रस्ता. मिळवणी मात्र चोख होती. काकू म्हणायच्या, घर विसरतात, पण पाढे विचार, आरपार म्हणतील. तरी हे किती दिवस टिकणार? ज्या माणसाने आपल्याला मोजायला शिकवलं, त्याच्या हातात त्याचं उत्तर ठेवायचं होतं, ते उत्तर त्याला कळतंय तोवर. बाईंना या जगाकडून दुसरं काही नको होतं. स्वतःचं नाव, मानसन्मान, त्यातलं त्यांना काही सुचतही नव्हतं.

म्हणून तीन वर्षं थांबून त्यांनी अखेर संचालकांना सांगितलं. बाईंच्या निवृत्तीबरोबर ही प्रयोगशाळा बंद करायची असं ठरल्यात जमा होतं. आकडा सरकतो हे ऐकल्यावर संचालक खुर्चीतून उठले आणि दार लावून घेऊन परत बसले. प्रयोगशाळा आणखी पाच वर्षं चालेल, मामा इथेच राहतील, बाईंनाही थांबवून घेऊ, असं सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. पुढच्या महिन्यातल्या परिषदेत बाईंचं व्याख्यान ठरलं. त्याआधी सरांनी गुप्त आकडा उघडायचा होता.

व्याख्यानाची आकृती काढायला बाई बसल्या आणि तिथे गाडं अडलं. रेघ किती चढते ते त्यांनी काढलं. आठवड्याला सात. सव्वासहा नाही, साडेसात नाही. सात. एकशे साठ आठवड्यांच्या आकड्यांतून रेघ ओढली तर सातच्या पुढे दशांशचिन्ह आणि त्यापुढे दोन शून्यं.

आधी त्या हुरळून गेल्या. इतकी सुबक रेघ कोणाला मिळते? मग चहा घेताना कप हातातच राहिला. आठवड्याला सात म्हणजे दिवसाला एक. निसर्गाला आपला दिवस काय ठाऊक? शेवटच्या घरातला तो एकसुद्धा आपणच ठरवलेला, माणसांनी सोयीसाठी पाडलेला. निसर्ग दिवसाला एक या हिशोबाने चढत नाही. दिवसाला एक असं फक्त माणूस मोजतो, नाहीतर माणसाने केलेलं यंत्र.

दोन दिवस त्यांनी आणि मामांनी सगळी यंत्रं उपसली. कुठे एखादं घड्याळ चुकून आकड्यात मिसळतंय का, कुठे तारीख शिरते आहे का. काही नव्हतं. मामा शेवटी म्हणाले, "बाई, यंत्राचा दोष असता तर यंत्र कुरकुरलं असतं. हे गप्प आहे."

मग बाईंची नजर आकृतीतल्या एका जागेवर गेली. दोन वर्षांपूर्वी तिथे एक पायरी होती. आकडा एकदम पस्तीसने चढला होता, मग पाच आठवडे जागच्या जागी राहिला आणि पुन्हा सातच्या चालीने चालू लागला. त्याच सुमारास एक आरसा बदलला होता, म्हणून बाईंनी ती पायरी आरशाच्या माथी मारली होती. आता त्यांनी तारखा पाहिल्या. ते पाच आठवडे म्हणजे काकूंचं आजारपण. त्याच त्या पाच तुंबलेल्या चिठ्ठ्या. मोजल्या वेगवेगळ्या शुक्रवारी, मिळवणी झाली एकाच दिवशी, आणि पाचही आकडे एका पातळीवर. म्हणजे मोजलं कधी यावर काहीच अवलंबून नव्हतं. सगळं अवलंबून होतं मिळवणी केव्हा केली यावर.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. अणू चढत नव्हता.

त्या शनिवारी चिठ्ठी घेऊन मामांऐवजी बाईच गेल्या. घडी उघडली नाही. अकरा वर्षांची सवय होती ती. दार काकूंनी उघडलं. घर तसं नेहमीचंच, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुस्तकांच्या कपाटापाशी आरामखुर्ची, खुर्चीत इस्त्रीच्या शर्टात सर. शनिवारी ते सकाळी लवकर उठून स्वतःच दाढी करायचे, असं काकू म्हणाल्या. बाकीच्या दिवशी दाढीचं नावही काढायचे नाहीत.

सरांनी बाईंना ओळखलं, निदान तसं वाटलं. बाईंनी चिठ्ठी दिली आणि अगदी सहज विचारावं तसं विचारलं की सर, तुम्ही धरलेला आकडा तोच आहे ना, पहिल्यापासूनचा?

"अगं, तो कसा बदलेल?" सर म्हणाले. "विसरता येणार नाही असाच धरलाय मी. आता जा बघू तू आत. नियम म्हणजे नियम."

बाई जिन्यातल्या बाकावर न जाता स्वयंपाकघरात गेल्या. काकू ओट्याशी उभ्या होत्या. भिंतीवर एक साधं तारखांचं कॅलेंडर होतं आणि त्यातल्या आजपर्यंतच्या प्रत्येक शनिवारच्या चौकटीत पेन्सिलीने बारीक अक्षरात एक आकडा लिहिलेला होता. बाई तो वाचणार एवढ्यात बाहेरून सरांचा आवाज आला.

"अगं, टिंब किती झाली आज?"

काकूंनी कॅलेंडरकडे पाहिलंही नाही. "तीन हजार पाचशे चव्वेचाळीस," त्या म्हणाल्या, आणि हातातलं भांडं विसळायला लागल्या.

टिंब म्हणजे सरांची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून सरांनी ते नाव ठेवलं होतं. बाई विद्यार्थिनी म्हणून या घरात पहिल्यांदा आल्या त्याच्या दोन वर्षं आधीच ती तापाने गेली होती. बाहेरच्या खोलीत तिचा फोटो असायचा, दोन वेण्या घातलेला. त्याबद्दल या घरात कधी कोणी बोललं नाही आणि बाईंनी कधी विचारलं नाही. आज आत येताना भिंतीवर नुसता खिळा दिसला होता, हे त्यांना आत्ता उमगलं.

काकूंनी नळ बंद केला आणि न विचारताच बोलायला लागल्या. तीन वर्षांपूर्वी घराला रंग दिला तेव्हा फोटो उतरवला होता. परत लावायला गेल्या तर सर म्हणाले, पोर शाळेत गेलीय आणि तू तिचा असा फोटो काय लावतेस? काकूंना वाटलं, झोपेत बोलताहेत. पण मग त्या शनिवारी त्यांनी विचारलं, टिंब आज किती दिवसांची झाली?

"पहिल्यांदा मी खरं तेच सांगितलं," काकू म्हणाल्या. "म्हटलं, अहो, ती गेली. तर त्या दिवशी रडले होते ना, तसेच रडले. आणि दुसऱ्या दिवशी विसरले. परत विचारलं, परत सांगितलं, परत तसेच रडले. असं तीनदा झालं. चौथ्यांदा माझ्याने नाही झालं गं. तेव्हापासून मी आकडा सांगते."

"कुठून सुरू केलंत?" बाईंनी विचारलं, पण उत्तर त्यांना जवळजवळ ठाऊक होतं.

"होती तिथून. दोन हजार चारशे सतरा दिवस होती आपल्याकडे. तिला पोचवून आले त्याच दिवशी बसून मोजले होते त्यांनी. मी दर शनिवारी सात मिळवते. एवढंच विचारतात आणि खूश होऊन कामाला लागतात. आता नऊ वर्षं आठ महिन्यांची झालीय." शेवटचं वाक्य काकूंनी शेजारणीला सांगावं तशा सुरात म्हटलं.

त्या आकड्याचं सर पुढे काय करतात हे काकूंना ठाऊक नव्हतं. बाईंनी सांगितलं नाही. सरांनी वही आणून हातात दिली. ताजी शाई होती, अक्षर छापल्यासारखं. बेरीज बरोबर होती. सरांची बेरीज नेहमीच बरोबर होती.

खाली रस्त्यावर येऊन, बस येईपर्यंत, बाईंनी मनातल्या मनात वजाबाकी केली. जुन्या आठ वर्षांचे एक्केचाळीस हजार तीनशे सहा, त्यातून दोन हजार चारशे सतरा गेले. अडतीस हजार आठशे एकोणनव्वद. आजचा आकडा, त्यातून तीन हजार पाचशे चव्वेचाळीस गेले. अडतीस हजार आठशे एकोणनव्वद. दुसऱ्या देशाने छापला होता तोच, शेवटच्या घरापर्यंत. अकरा वर्षांत काहीही सरकलं नव्हतं. इतकी अचूक मोजणी बाईंनी जन्मात केली नव्हती आणि तिच्याकडे बघून त्यांना आनंदाचा लवलेशही झाला नाही. बस आली आणि गेली, त्या तिथेच उभ्या राहिल्या.

रविवारी त्यांनी दोन कागद काढले. पहिल्या कागदात गुप्त आकडा दोन हजार चारशे सतरा असं लिहून तो सगळ्या वहीतून वजा केला. रेघ आठ वर्षं सपाट, मग चढलेली. सर खरे, प्रयोगशाळा चालू, मामा जागेवर. त्या कागदात एकही खोटा शब्द नव्हता. सरांनी तोच आकडा धरला होता, कोणीही येऊन विचारावं. दुसऱ्या कोणाला हे खोडून काढायला दहा वर्षं लागली असती, आणि तोवर सर कुठे असणार होते? दुसऱ्या कागदात खरी वजाबाकी होती आणि काडीएवढाही फरक नसलेली एक सपाट रेघ होती.

यजमानांनी विचारलं, काय एवढं चाललंय? बाई म्हणाल्या, हिशोब जुळलाय. मग चेहरा का असा, म्हणून ते बघत राहिले.

बाई काही फार मोठ्या सत्यवादी म्हणून दुसरा कागद घेऊन गेल्या नाहीत. पहिल्या कागदाकडे त्या तासभर मन घट्ट करून बघत होत्या. पण त्या चढत्या रेघेवर त्यांना आता निसर्ग दिसेना. तिथे एक पोर दिसत होती, दिवसाला एक दिवस मोठी होणारी. तिला उचलून परिषदेत परक्या लोकांसमोर उभं करणं त्यांच्याने होईना.

सोमवारी संचालकांनी दुसरा कागद वाचला. मग म्हणाले, चूक नेमकी कोणाची? बाईंनी सांगितलं, मिळवणीची, आणि ती माझ्या प्रयोगात झाली म्हणजे माझीच. आंधळी मोजणी करताना गुपित सांभाळणाऱ्याला तपासायचं राहून गेलं. परिषदेतही त्यांनी एवढंच सांगितलं. खोली भरलेली होती, सगळे खळबळ ऐकायला आलेले. काहीच सरकत नाही हे ऐकल्यावर मागच्या रांगा रिकाम्या व्हायला लागल्या. एकाने विचारलं, मिळवणीची चूक म्हणजे नक्की काय? बाई म्हणाल्या, तीन वर्षं एक आकडा वाढत राहिला, आमच्या लक्षात आलं नाही. एवढं बोलून त्यांनी दिवे लावायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळा आवरायला घेतली. मामांची बदली दुसऱ्या इमारतीत झाली होती, तिथे भिंगं नव्हती. त्यांनी एकेक आरसा कागदात गुंडाळून पेटीत ठेवला, नव्याने बसवायचा असल्यासारखा जपून. शेवटी डबी राहिली. बाईंनी निळा लेसर बंद केला, मग अणूला धरून ठेवणाऱ्या विजेचं बटण. पडद्यावरचा ठिपका एकदा लकलकला आणि नाहीसा झाला. इतकी वर्षं एका जागी धरून ठेवलेला तो अणू त्या क्षणी कुठे गेला असेल, हे सांगणारं समीकरण बाईंना येत होतं. त्यांनी ते मनात आणलं नाही.

त्याच शनिवारी सकाळी साडेदहाला काकूंचा फोन आला. त्या अडखळत बोलत होत्या. सर सहाला उठून दाढी करून बसले होते. दहा वाजल्यापासून दाराकडे बघत होते. चिठ्ठी का आली नाही म्हणून दोनदा उठले होते आणि आता विचारत होते की टिंबला काही झालंय का.

"मी काय सांगू त्यांना?" काकू म्हणाल्या. "तुझ्या माणसाला जरा पाठव ना. कसली चिठ्ठी असते ती मला ठाऊक नाही, पण ती आली की ते शांत होतात."

बाईंनी फोन ठेवला. मोकळ्या पोलादी टेबलावर भिंगमामांची चिठ्ठ्यांची चळत उरली होती. त्यातली एक त्यांनी ओढली. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत न मोजलेला आकडा त्यांनी कधी कागदावर लिहिला नव्हता. विद्यार्थ्याने नुसता अंदाजाने एक आकडा भरला तर त्याला त्या महिनाभर खोलीत घ्यायच्या नाहीत. पेन हातात धरून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी अडतीस हजार आठशे एकोणनव्वद लिहिलं. ती चिठ्ठी फाडून दुसरीवर आठशे एक्क्याण्णव लिहिलं, कारण खरी मोजणी इतकी तंतोतंत कधी येत नाही आणि सरांनी ते ओळखलं असतं. चिठ्ठीची घडी घातली, वही घेतली आणि निघाल्या.

सर दारातच उभे होते. चिठ्ठी हातात पडल्यावर त्यांचा चेहरा निवळला. उशीर झाला म्हणून ते रागावले, मामांना बोल लावला आणि बाईंना आत पिटाळलं. स्वयंपाकघरात काकू स्टुलावर बसल्या होत्या. पदर तोंडाशी धरलेला, खांदे हलत होते. सकाळपासून धरून ठेवलेलं आत्ता सुटलं होतं.

"अगं, टिंब किती झाली आज?" बाहेरून हाक आली.

काकूंना आवाज फुटेना. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाहेर सर पुन्हा हाक मारणार होते, आणि या वेळी ती हाक घाबरलेली असणार होती. बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन आजची चौकट शोधली. ती रिकामी होती. त्यांनी मागच्या शनिवारचा आकडा वाचला, त्यात सात मिळवले आणि मिळवणी मनात एकदा तपासून पाहिली.

"तीन हजार पाचशे एकोणऐंशी, सर," त्यांनी आतून सांगितलं.

थोडा वेळ कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मग चिठ्ठी फाटल्याचा. सर वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. कोण बोललं याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. पाठच्या पानावरून आजच्या पानापर्यंत त्यांनी बोट फिरवलं.

"चढतोय बघ अजून," ते म्हणाले. "मी म्हणत होतो ना?"

"हो सर," बाई म्हणाल्या. "चढतोय."

मग त्यांनी खुंटीला टांगलेली पेन्सिल घेतली आणि कॅलेंडरच्या रिकाम्या चौकटीत बारीक अक्षरात आजचा आकडा लिहिला.